पुलापलीकडचा शेजारी

प्रभू येशूच्या काळी जेरुसलेममधील शिलोहाचा बुरूज कोसळला आणि त्याखाली अठरा माणसे चिरडून मेली. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू या दुर्घटनेचा उल्लेख करतो. मेलेली माणसे इतरांहून अधिक पापी होती म्हणून ती मेली, ही समजूत तो तेथेच खोडून काढतो आणि ऐकणाऱ्यांना स्वतःच्या अंतःकरणाकडे वळवतो. बुरूज कोणाच्या हलगर्जीपणाने पडला, मृतांच्या पोराबाळांना कोणी सांभाळले, बुरुजाच्या सावलीत दुकान मांडून बसणाऱ्यांचा रोजगार बुडाला तो कोणी भरून दिला, याविषयी शुभवर्तमान मौन पाळते. हे प्रश्न प्रभूने बहुधा आपल्यासाठी राखून ठेवले असावेत. कारण बुरूज आजही कोसळतात आणि प्रश्न तेच असतात.

२६ मार्च २०२४ रोजी पहाटे दीडच्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर शहराजवळ पटॅप्स्को नदीवरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल असाच कोसळला. १९७७ साली वाहतुकीस खुला झालेला हा लोखंडी पूल सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा होता. ‘डाली’ नावाचे, सुमारे तीनशे मीटर लांबीचे सिंगापूरचे मालवाहू जहाज हजारो कंटेनर घेऊन श्रीलंकेतील कोलंबोकडे निघाले होते. बंदर सोडून थोडेच अंतर गेल्यावर जहाजावरील वीज गेली, आली, पुन्हा गेली. सुकाणू हाती राहिले नाही आणि ते अवाढव्य धूड पुलाच्या एका खांबावर जाऊन आदळले. काही क्षणांत पुलाचा मुख्य भाग नदीत गेला. जहाजावरून संकटाचा इशारा वेळीच दिला गेल्यामुळे पोलिसांना पुलाकडे येणारी वाहने रोखता आली आणि अनेकांचे प्राण वाचले. परंतु पुलावर रस्त्याचे खड्डे बुजवणारी माणसे होती. आठांपैकी दोघे वाचले. सहा जण गेले. मेक्सिको, ग्वातेमाला, होंडुरास आणि एल साल्वादोर या देशांतून पोटासाठी आलेले ते कामगार होते. शेवटचा मृतदेह हाती लागायला मे महिना उजाडला.

आपल्याकडील वाचकांना या घटनेचा एक धागा जवळचा वाटेल. जहाजावरील एकवीस खलाशी-अधिकाऱ्यांपैकी वीस जण भारतीय होते. त्या रात्रीनंतर कित्येक आठवडे ते त्याच जहाजावर, पुलाच्या मोडक्या सांगाड्याखाली अडकून राहिले. ज्या घरांतील माणूस ‘बोटीवर’ असतो, त्या घरांतील रात्री कशा असतात हे किनाऱ्यालगतच्या धर्मग्रामांना सांगायला नको.

आज मात्र मला या दुर्घटनेच्या दुसऱ्या, काहीशा रुक्ष वाटणाऱ्या बाजूविषयी लिहावयाचे आहे. ती बाजू न्यायालयाची आणि नुकसानभरपाईची. वरवर ती वकिलांची बाब दिसते. परंतु तिच्या तळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे आणि तो तुम्हां-आम्हां सर्वांच्या सदसद्विवेकबुद्धीला शिवणारा आहे.

पूल पडल्यामुळे नदीचा मार्ग बंद झाला आणि त्याबरोबर बाल्टिमोरच्या बंदराचा मोठा भाग ठप्प झाला. मोटारगाड्यांची आयात-निर्यात करणारे ते अमेरिकेतील अग्रगण्य बंदर. केवळ २०२३ या एका वर्षात तेथून साडेआठ लाखांच्या आसपास मोटारी आणि हलके ट्रक गेले-आले होते. सुमारे पंधरा हजार माणसांची रोजीरोटी त्या बंदरावर थेट अवलंबून होती. जलमार्ग पूर्ववत होण्यास १० जून २०२४ हा दिवस उजाडावा लागला, म्हणजे जवळजवळ अकरा आठवडे. पुलावरून रोज तीस हजारांहून अधिक वाहने जात असत. ती आता दूरच्या वाटेने जाऊ लागली. ज्वालाग्राही माल नेणाऱ्या ट्रकांना तर नदीखालच्या बोगद्यांतून जाण्याची मनाई असल्याने त्यांना शहराला मोठा वळसा घालावा लागला.

आता या गर्दीतील काही माणसांकडे पाहू या. बंदरात माल चढवणारा हमाल, ज्याला बोट आली तरच मजुरी मिळते. स्वतःचा एकच ट्रक असलेला आणि त्या ट्रकचे हप्ते फेडणारा चालक. पुलाच्या तोंडाशी असलेले, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या भुकेवर चालणारे लहानसे उपाहारगृह. यांच्यापैकी कोणाच्या अंगाला ओरखडाही उमटला नाही. कोणाच्या भिंतीची वीट हलली नाही, ट्रकची काच फुटली नाही. सगळे जागच्या जागी होते. फक्त धंदा नव्हता. अशा माणसाने नुकसानभरपाई कोणाकडे मागावी? आणि मागितली तर ती मिळावी काय?

जहाजाचे मालक आणि व्यवस्थापक यांनी अवघ्या सहा दिवसांत, १ एप्रिल २०२४ रोजी, मेरिलँडच्या संघीय न्यायालयात अर्ज दाखल केला. अमेरिकेत १८५१ साली झालेल्या एका कायद्याचा त्यांनी आधार घेतला होता. मालकाचा स्वतःचा दोष नसेल, किंवा त्या दोषाची त्याला जाणीव नसेल, तर त्याची जबाबदारी दुर्घटनेनंतर जहाजाची जी किंमत उरली असेल ती आणि त्या फेरीचे भाडे एवढ्यापुरतीच मर्यादित ठेवता येते, असे हा कायदा सांगतो. शिडांच्या जहाजांच्या त्या काळात किनारा सोडलेले जहाज मालकाच्या नजरेआड आणि हुकुमाबाहेर जाई. एका वादळाने त्याचे घरदार विकले जाऊ नये आणि लोकांनी जहाजधंद्यात पैसा गुंतवावा, हा त्यामागचा हेतू. याच कायद्याचा आधार ‘टायटॅनिक’च्या मालकांनीही घेतला होता. ‘डाली’च्या मालकांनी हिशेब करून जी मर्यादा मागितली ती सुमारे ४ कोटी ३६ लाख ७० हजार डॉलरची होती. एकट्या अमेरिकन सरकारने ढिगारा उपसण्याच्या आणि मदतकार्याच्या खर्चापोटी जो दावा लावला, तो पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये सुमारे १० कोटी २० लाख डॉलरवर मिटला. यावरून त्या मर्यादेचे पांघरूण किती अपुरे होते हे ध्यानात येईल. दावे नोंदवण्याची मुदत २४ सप्टेंबर २०२४ पर्यंत होती. त्या मुदतीत मृतांचे आप्त आले, राज्य सरकार आले, बाल्टिमोर शहर आले आणि ज्यांचा केवळ धंदा बुडाला असे व्यावसायिकही आले. एका स्थानिक प्रकाशनसंस्थेने तर आपल्यासारख्या सर्वच व्यावसायिकांच्या वतीने दावा लावला होता.

या शेवटच्या गटापुढे एक जुनी भिंत उभी आहे. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका लहानशा खटल्यात ती बांधली. एक आगबोट दुरुस्तीसाठी गोदीत आणली होती. गोदीच्या माणसांच्या निष्काळजीपणामुळे तिचा पंखा मोडला आणि ती दोन आठवडे अडकून पडली. बोट ज्यांनी मुदतीच्या भाड्याने घेतली होती त्यांचे त्या दिवसांचे नुकसान झाले. न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला की पंखा बोटमालकाचा होता, भाडेकऱ्यांचा नव्हता. केवळ मालकाशी त्यांचा करार होता म्हणून गोदीने त्यांचे नुकसान भरून देण्याचे कारण नाही. तेव्हापासून सागरी अपघातांच्या बाबतीत अमेरिकेतील सर्वसाधारण नियम असा झाला की ज्याच्या देहाला किंवा मालमत्तेला प्रत्यक्ष इजा झाली त्याने मागावे. ज्याचा नुसता नफा बुडाला त्याने मागू नये. समुद्रातील मासळीच नष्ट झाल्यामुळे उपाशी राहिलेल्या मच्छीमारांसाठी काही न्यायालयांनी या भिंतीला खिडकी ठेवली, एवढाच काय तो अपवाद.

हा नियम निर्दय वाटतो. तथापि त्याची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. एक पूल पडला तर ट्रकचालकाचे नुकसान होते. ट्रकचालक जेवायला थांबला नाही म्हणून खाणावळीचे होते. खाणावळीला भाजी देणाऱ्याचे होते. भाजीवाल्याने नवे कपडे घेतले नाहीत म्हणून शिंप्याचे होते. पाण्यात पडलेल्या दगडाचे तरंग तळ्याच्या काठापर्यंत जातात. या प्रत्येक तरंगाची किंमत एकाच माणसाकडून वसूल करू लागलो, तर क्षणभराच्या चुकीसाठी जन्मोजन्मीचे कर्ज त्याच्या माथी बसेल आणि जहाज समुद्रात घालण्याचे धाडस कोणी करणार नाही. शिवाय जेवढी रक्कम उपलब्ध असेल ती शिंप्यापर्यंत वाटत गेल्यास सहा मृतांच्या मुलाबाळांच्या हाती काय पडेल?

ही रेषा कोठे ओढावी याविषयी न्यायाधीशांचेही एकमत नाही. २१ जानेवारी १९५९ च्या रात्री अमेरिकेतील बफेलो येथे बर्फाच्या रेट्याने एक जहाज दोरखंड तोडून प्रवाहाबरोबर वाहत सुटले, वाटेत दुसऱ्या जहाजाला घेऊन एका पुलावर आदळले, पूल पडला, नदी तुंबली आणि काठावरच्या मालमत्तांत पाणी शिरले. ज्यांच्या जागेत पाणी शिरले त्यांना भरपाई मिळाली. परंतु नदी बंद झाल्याने ज्यांच्या धान्याची ने-आण अडली, त्या व्यापाऱ्यांना १९६८ साली न्यायालयाने रिकाम्या हाताने परत पाठवले. तुमचे नुकसान फार दूरचे आहे, असा त्या निकालाचा आशय होता. उलट कॅनडात १९८७ साली फ्रेझर नदीवरच्या रेल्वेपुलाला धुक्यात एक मालवाहू तराफा धडकला. पूल सरकारचा होता, पण तो मुख्यत्वे वापरणारी रेल्वे कंपनी वेगळी होती. रेल्वेचे स्वतःचे काहीच मोडले नव्हते. तरीही १९९२ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई मंजूर केली. निकाल चार विरुद्ध तीन असा होता. सात विद्वान न्यायमूर्ती एकाच रेषेच्या दोन बाजूंना बसले, यावरून ही रेषा निसर्गाने आखलेली नसून माणसांनी सोयीसाठी ओढलेली आहे, हे उघड होते.

ख्रिस्ती नीतिपरंपरेला हा प्रश्न नवा नाही. निर्गमाच्या पुस्तकातील नियम पाहा. कोणी खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात शेजाऱ्याचा बैल पडला, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावयाची आहे. कोणी आग पेटवली आणि ती काट्याकुट्यांतून सरकत शेजाऱ्याच्या उभ्या पिकाला लागली, तरी पेटवणाऱ्यानेच नुकसान भरून द्यावयाचे आहे. शेजाऱ्याचे वाईट करण्याचा हेतू होता की नाही, असे तेथे विचारलेले नाही. बेसावधपणा हेच कारण पुरेसे मानले आहे. ‘डाली’च्या बाबतीतही अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जे कारण शोधून काढले ते विलक्षण साधे होते. विजेच्या यंत्रणेतील एका तारेवर लावलेले लेबल चुकीच्या जागी बसले होते. त्यामुळे तार आपल्या खाचेत पुरती गेलीच नव्हती. ती सैल झाली आणि जहाज अंधारात बुडाले. पुलाला अशा धडकेपासून किती धोका आहे हे राज्याच्या यंत्रणेने आधी तपासले नव्हते, असेही मंडळाने नमूद केले. म्हणजे उघडे खड्डे दोन होते. एक जहाजावर आणि एक किनाऱ्यावर.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ईशज्ञानविषयक महाग्रंथात परतफेडीचा विचार करताना एक सूक्ष्म भेद केला आहे. हातात असलेली वस्तू गमावणे हे एक नुकसान आणि हाती येऊ घातलेली वस्तू न मिळणे हे दुसरे. पेरलेल्या शेतातील बी उकरून काढणाऱ्याने काय भरून द्यावे? शेतकऱ्याजवळ पीक होते असे म्हणता येत नाही. पण ते नव्हतेच असेही म्हणता येत नाही, कारण ते वाटेवर होते. संत थॉमस म्हणतात की अशा प्रसंगी संपूर्ण पिकाची किंमत देणे बंधनकारक नाही. वाटेत पाऊस, कीड, गारपीट असे अनेक अडथळे येऊ शकले असते. परंतु काहीच देणे लागत नाही, असे मात्र ते म्हणत नाहीत. माणसे आणि परिस्थिती पाहून काही भरपाई दिलीच पाहिजे, असा त्यांचा निर्णय आहे. अमेरिकन नियम ‘सर्व किंवा काहीच नाही’ अशी भाषा बोलतो. संत थॉमस मधली वाट दाखवतात आणि ती मला अधिक माणुसकीची वाटते.

तरीही एक प्रश्न उरतो आणि तो रूथचा आहे. रूथ मवाबी होती, परकी होती, विधवा होती. बवाजाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे फिरून ती सांडलेली कणसे वेचत असे आणि त्यावर आपले व सासूचे पोट भरत असे. हा सरवा वेचणे म्हणजे भीक नव्हती. शेताच्या कडा आणि सांडलेली कणसे गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावीत, असे नियमशास्त्रातच सांगितले आहे. आता कल्पना करा की कापणीच्या आदल्या रात्री कोणाच्या निष्काळजीपणाने बवाजाचे शेत जळाले. निर्गमाच्या नियमाप्रमाणे भरपाई मिळेल ती बवाजाला. शेत त्याचे होते. रूथचे काहीच जळाले नाही, कारण तिच्या मालकीचे काही नव्हतेच. पण दुसऱ्या दिवशी उपाशी राहील ती रूथ.

बाल्टिमोरचा हमाल, ट्रकचालक, खाणावळवाला हे सारे रूथच्या जागी उभे आहेत. पुलाच्या, बंदराच्या, मोठ्या कंपन्यांच्या शेताच्या कडेला जे सांडते त्यावर ते जगतात. त्यांच्या तक्रारीला न्यायालयाने ‘दूरची’ म्हटले तरी त्यांची भूक जवळचीच असते.

मग न्यायालयाने रेषा पुसून टाकावी काय? मला तसे वाटत नाही. न्यायाधीशाला कोठेतरी थांबावेच लागते. परंतु न्यायालय जेथे थांबते तेथे कर्तव्य संपते, असे मानणे ही आपली मोठी चूक आहे. त्या रेषेपाशी कर्तव्य हात बदलते. आग लावणाऱ्याने बवाजाला भरपाई दिली की रूथचे देणे बवाजाकडे येते. मिळालेल्या धान्यातून तिच्यासाठी शेताची कड राखणे हे आता त्याचे काम आहे. ज्या कंपनीला विम्याचे पैसे मिळाले तिने, बोटी बंद होत्या त्या आठवड्यांत ज्यांना मजुरी मिळाली नाही, त्या हमालांची आठवण ठेवली पाहिजे. पुलावर विमा होता आणि त्यापोटी मेरिलँड राज्याला ३५ कोटी डॉलर मिळाले. पण पुलाच्या कडेवर जगणाऱ्यांचा विमा कोणी उतरवला होता? दुर्घटनेनंतर दोन आठवड्यांच्या आत, एप्रिल २०२४ मध्ये, मेरिलँडच्या विधिमंडळाने बंदरावर अवलंबून असलेल्या कामगारांना व लहान व्यवसायांना साहाय्य देण्यासाठी तातडीचा कायदा केला. हे साहाय्य म्हणजे सरकारची मेहेरबानी असे कोणी म्हणेल. मी त्याला सरव्याचा हक्क म्हणेन. परमगुरू संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या सामाजिक विश्वपत्रात ऐक्यभावनेविषयी जे शिकवले त्याचा गाभा हाच आहे. दूरच्या माणसाच्या दुःखाने क्षणभर हळहळणे म्हणजे ऐक्यभावना नव्हे. त्याच्या हिताची जबाबदारी निश्चयाने उचलणे म्हणजे ऐक्यभावना.

येथे भरपाई मागणाऱ्यालाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. दावा सांगणे हे पाप नव्हे. आपल्या कामगारांच्या पगारासाठी मालकाने दावा सांगणे हे तर कर्तव्यच होय. परंतु मोठ्या दुर्घटनेच्या आडोशाने जुना तोटा नव्या खात्यात लिहिण्याचा मोह सगळीकडे सारखाच असतो. भरपाईची थैली मर्यादित असताना फुगवलेला प्रत्येक आकडा दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून काढलेला घास असतो. जक्कयाने चौपट देण्याचे वचन दिले ते आपण होऊन. प्रभू त्याच्या घरी उतरला, तेव्हा त्याने आपले हिशेब स्वतः तपासले.

शेजारी कोण, हा प्रश्न प्रभूला विचारणारा माणूस शास्त्री होता, आजच्या भाषेत वकीलच. त्याला व्याख्या हवी होती, म्हणजे आपले कर्तव्य कोठे संपते ते कळले असते. प्रभूने व्याख्या न देता चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. जवळजवळ एकोणीस शतकांनंतर, १९३२ साली, इंग्लंडच्या लॉर्ड ॲटकिन या न्यायाधीशांनी याच गोष्टीचा आधार घेऊन निष्काळजीपणाच्या आधुनिक कायद्याचा पाया घातला. आपल्या कृतीने ज्याला इजा होईल हे आपल्याला आधी दिसायला हवे, तो आपला कायद्यातील शेजारी, असे त्यांनी ठरवले. त्याचबरोबर त्यांनी प्रामाणिकपणे हेही मान्य केले की शास्त्र्याच्या प्रश्नाला कायदा देऊ शकतो ते उत्तर प्रभूच्या उत्तरापेक्षा आखूड असते. मला या कबुलीत कायद्याचा मोठेपणा दिसतो. शोमरोन्याने त्या जखमी माणसाला लुटले नव्हते; कोणतेही न्यायालय त्याच्यावर खानावळवाल्याचे दोन दीनार लादू शकले नसते. ते त्याने दिले, आणि आणखी खर्च झाल्यास परत येताना देईन असेही सांगून गेला. कायद्याच्या रेषेपलीकडचा सारा प्रदेश त्या दोन दीनारांचा आहे.

हा प्रदेश आपल्या किनाऱ्यालाही लागून आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या दोन जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल समुद्रात सांडले, कंटेनर पाण्यात तरंगू लागले, बंदराची वाहतूक काही दिवस बंद राहिली. पावसाळी बंदी संपून मासेमारीचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर हे घडले. तेलाच्या भीतीने लोक मासळी घ्यायला धजेनात. ज्या कोळ्याचे जाळे तेलाने माखले त्याला दाखवायला निदान जाळे तरी होते. पण ज्या कोळणीच्या टोपलीतील चांगली मासळीही कोणी घेतली नाही, तिने काय दाखवावे?

आणि इतके दूर जायला तरी कशाला हवे? आपल्या घरचे लग्न असते, गावचा सण असतो. आपण भर रस्त्यात मांडव घालतो. दोन-तीन दिवस वाहने दुसऱ्या वाटेने जातात. मांडवाच्या पलीकडे भाजी घेऊन बसणाऱ्या बाईच्या टोपलीला आपण हात लावलेला नसतो. ती तक्रार करीत नाही, करू म्हटले तरी कोणी ऐकणार नाही. कायद्याच्या दृष्टीने आपण तिचे काहीच देणे लागत नाही. मात्र तिच्याकडची भाजी त्या दिवशी मांडवातील जेवणासाठी घेता आली असती, एवढा विचार आपल्याला सुचतो काय? कुमसाराला जाताना आपण केलेल्या अपराधांची उजळणी करतो. आपल्या आनंदामुळे नकळत कोणाचा धंदा बुडाला, याची उजळणी क्वचितच करतो.

बाल्टिमोरचा नवा पूल उभा राहील. त्याचा खर्च ४३० ते ५२० कोटी डॉलर येईल आणि तो २०३० च्या अखेरीस खुला होईल, असा अंदाज नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगण्यात आला. एवढ्या मोठ्या आकड्यांपुढे खाणावळीचा बुडालेला गल्ला नगण्य वाटतो. त्या सहा माणसांचा मात्र कोणत्याच आकड्यात हिशेब होत नाही. ती माणसे त्या रात्री इतरांचा रस्ता सुखाचा व्हावा म्हणून उघडे खड्डे बुजवीत होती. निर्गमाच्या नियमाने सांगितलेले काम ती करीत होती, तेही दुसऱ्यांच्या देशात, दुसऱ्यांसाठी. त्यांच्या आत्म्यांना चिरशांती लाभो अशी प्रार्थना आपण करू या. आणि प्रार्थनेहून उठताना आपल्या दाराशी, आपल्या धंद्यात, आपल्या रस्त्यात एखादा खड्डा आपण उघडा ठेवला आहे काय, आणि आपल्या शेताच्या कडेला कोणी रूथ उभी आहे काय, हे एकदा वळून पाहू या.